बाहेर नवतपा, गेजवर १३ अंश: नागपुरातल्या एका घरगुती सिम्युलेटरचं प्रकरण

तक्रार थोडक्यात अशी होती: "दादा, हे फ्लाइट मॉडेल बोगस आहे. जानेवारीत अन् मे महिन्यात विमान सेम टू सेम उचलते." फ्लाइट मॉडेल म्हणजे विमान कसं उडेल ते ठरवणारं सिममधलं गणित.

तक्रार करणारा मुलगा १९ वर्षांचा, मनीषनगरात राहणारा, डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) लेखी परीक्षांची तयारी करणारा. घरी डेस्कटॉप, एक मॉनिटर आणि दांडा पिळून रडर (शेपटीवरचं उभं सुकाणू) चालवायचा जॉयस्टिक. पेडल नाहीत. सिममध्ये सेसना १७२एस, विमानतळ अर्थातच नागपूरचं सोनेगाव. अभ्यासात 'डेन्सिटी अल्टिट्यूड' (हवा जितक्या उंचीवरच्या हवेइतकी पातळ, ती उंची) नुकताच होऊन गेलेला, म्हणून त्याने चाचणी घेतली: १५ जानेवारीची सकाळ आणि २५ मेची दुपार, रनवे ३२, दोन्ही वेळा थ्रॉटल पूर्ण. ग्राउंड रोल, म्हणजे चाकं जमीन सोडेपर्यंतची धाव, दोन्ही वेळा ७२० ते ७६० फुटांत. याशिवाय आणखी तीन तक्रारी होत्या. उतरताना नाक फडफडतं, टेकऑफला विमान डावीकडे ओढत नाही, आणि स्टॉलमध्ये, म्हणजे वेग घटून पंखाची उचल तुटते तेव्हा, एका बाजूचा पंख खाली पडत नाही. उपाय त्याने ठरवूनच टाकला होता. त्याच विमानाचं महागडं ॲड-ऑन कार्टमध्ये पडून होतं.

सिमचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही. या प्रकरणात जे निघालं ते कोणत्याही घरगुती सिममध्ये निघू शकतं, आणि नाव आलं की चर्चा मुद्दा सोडून 'आमचं सिम, तुमचं सिम' अशी भरकटते.

आधी पुस्तक, मग मत

चाचणीची कल्पना चांगली होती. फक्त ताडून बघायला दुसरी बाजूच नव्हती. जानेवारीची धाव मेशी ताडली, पण दोन्हींपैकी एकही पुस्तकाशी ताडली नाही. १७२एसच्या पायलट्स ऑपरेटिंग हँडबुकमध्ये, बोलताना ज्याला पीओएच म्हणतात त्यात, टेकऑफचे तक्ते वजनानुसार वेगवेगळे दिलेले आहेत: २,५५०, २,४०० आणि २,२०० पौंड. पुस्तक त्याच उपप्रकाराचं हवं. १७२पीचं इंजिन १६० अश्वशक्तीचं, १७२एसचं १८०. एकाचं पुस्तक घेऊन दुसऱ्याचं मॉडेल तपासणारे कमी नाहीत.

२,५५० पौंडांच्या तक्त्यात १,००० फूट प्रेशर अल्टिट्यूड (हवेच्या दाबावरून काढलेली उंची) आणि ४० अंशांना ग्राउंड रोल १,२६० फूट आहे, २,००० फुटांना १,३८०. ५० फुटांचा अडथळा ओलांडेपर्यंतचं अंतर अनुक्रमे २,१३५ आणि २,३५५ फूट.

आता नागपूरची मेमधली दुपार घेऊ. विमानतळाची उंची १,०३३ फूट. तापमान ४४ अंश धरलं. इथे २३ मे २०१३ रोजी ४७.९ नोंदलं गेलंय, त्यामुळे ४४ म्हणजे अतिशयोक्ती नव्हे. क्यूएनएच, म्हणजे समुद्रसपाटीला आणलेला हवेचा दाब, १,००३ धरला. १,०१३ च्या प्रमाण दाबापेक्षा तो १० हेक्टोपास्कलने कमी, आणि एका हेक्टोपास्कलला साधारण २७ फूट, म्हणून प्रेशर अल्टिट्यूड १,३०० फूट. या उंचीवर प्रमाण तापमान १२.४ असायला हवं, आपण ३१.६ अंशांनी वर आहोत. अंशाला १२० फुटांच्या नेहमीच्या हिशेबाने डेन्सिटी अल्टिट्यूड ५,१०० फूट येते. हवेची घनता रीतसर काढली तर ती घनमीटरला १.०६ किलो भरते आणि उंची ४,८०० फूट येते. इतक्या उन्हात तोंडी हिशेब ३०० फूट जास्त दाखवतो. सुरक्षिततेच्या बाजूने चुकतो, म्हणून वाईट नाही, पण मॉडेल तपासायचं असेल तर खरा आकडाच धरावा.

तक्ता ४० अंशांवर संपतो. नागपूरचा बराचसा मे महिना तक्त्याच्या बाहेर पडतो, ही गोष्ट इथल्या मुलांना पुस्तक उघडेपर्यंत ठाऊकच नसते. प्रत्यक्ष उड्डाणात तक्त्याबाहेर जाऊ नये हे खरं, पण सिम तपासण्यासाठी तीच रेघ पुढे ओढायला हरकत नाही. १,३०० फूट आणि ४४ अंशांना ती १,३३० फुटांच्या आसपास येते, ५० फुटांपर्यंतचं अंतर २,२६०. समुद्रसपाटीला १५ अंशांवर हीच धाव ९६० फूट असते. फरक जवळपास ३९ टक्के. यातला काही भाग वेगाचा: वेगाच्या पट्टीवर ५५ नॉट दिसत असताना विमान खरं ५९ नॉटने पळतंय, आणि धाव वेगाच्या वर्गाने वाढते. उरलेला भाग इंजिन आणि पंख्याचा (प्रोपेलरचा), कारण दोघांच्याही वाट्याला १३ टक्के पातळ हवा येते.

मुलाला मिळालेली धाव होती ७४० फूट. हा आकडा पाहून कोणीही मॉडेललाच शिव्या देईल.

गेजवर १३

पहिली गोष्ट तापमानाची. सिममध्ये हवामान 'स्वच्छ आकाश' या तयार पर्यायावर ठेवलेलं होतं. तारीख बदलल्याने सूर्य वर चढला, सावल्या आखूड झाल्या, रनवेवर पांढराशुभ्र उजेड पडला, पण हवा प्रमाण वातावरणाचीच राहिली. कॉकपिटमधलं बाहेरच्या तापमानाचं गेज दोन्ही वेळा १३ अंश दाखवत होतं. २५ मे, दुपारचे ३, नवतपा सुरू, आणि बाहेर १३. हे त्या मुलाच्या नजरेसमोर होतं, पण टेकऑफच्या वेळी त्या गेजकडे बघायची सवय कोणाला असते!

हवामानाच्या पानावर किती टाकलं यावर विसंबू नये. तिथला आकडा काही ठिकाणी समुद्रसपाटीचा असतो, काही ठिकाणी जमिनीचा. विमान रनवेवर उभं करून गेज वाचावं आणि ४४ येईपर्यंत स्लायडर हलवावा. दाबाचंही तसंच: अल्टीमीटरच्या खिडकीत १,००३ लावल्यावर काटा १,०३३ फुटांच्या जवळ यायला हवा. वारा शून्य ठेवावा, कारण तक्ता शून्य वाऱ्याचा आहे. समोरचा वारा ९ नॉट असला तरी पुस्तकाच्या हिशेबाने धाव १० टक्क्यांनी घटते.

दुसरी गोष्ट वजनाची. वजनाचं पान उघडलं तर पायलट एकटा, टाक्या भरलेल्या, एकूण २,२०० पौंड. आता २,२०० चा तक्ता काढून १३ अंशांना बघितलं तर धाव साधारण ७३५ फूट. सिमने दिलेला आकडाही तोच. मॉडेल चुकलेलंच नव्हतं. त्याला जे विचारलं होतं त्याचं उत्तर त्याने बरोबर दिलं होतं. जानेवारीची सकाळ हवेच्या हिशेबाने तशीही प्रमाण वातावरणाच्या जवळ असते, त्यामुळे दोन्ही धावा जुळण्यात नवल काहीच नव्हतं.

नुसतं तापमान आणि दाब दुरुस्त केल्यावर धाव ९४० फुटांच्या आसपास गेली. मग शेजारी इन्स्ट्रक्टर, मागे एक माणूस आणि ९ किलोंची बॅग असं ३५० पौंड वाढवून २,५५० पौंड केले. इथे प्रकरण उलट्या बाजूला गेलं, धाव १,५०० च्या पुढे. मुलगा म्हणाला, बघा, तरी चुकतंच.

चूक पद्धतीत होती. तक्ता शॉर्ट फील्डचा, म्हणजे आखूड रनवेवरून उडण्याच्या पद्धतीचा, आहे: फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेच्या झडपा) १० अंश, ब्रेक धरून थ्रॉटल पूर्ण, मग ब्रेक सोडायचे, आणि ५१ नॉटला चाकं सुटायला हवीत. वजन वाढवल्यावर हा मात्र फ्लॅप न घेता, चालत्या विमानातच थ्रॉटल ढकलून, ६० नॉटला नाक उचलत होता. सवय चुकीची नाही, ३,२०० मीटरच्या रनवेवर शॉर्ट फील्ड करायची गरज कोणालाच पडत नाही. पण ताडायचं असेल तर तक्ता ज्या पद्धतीने बनला त्याच पद्धतीने उडवायला लागतं. तसं केल्यावर पाच धावा १,२८० ते १,३९० फुटांत बसल्या. पुस्तकाची ओढलेली रेघ १,३३०.

अंतर मोजायला फूटपट्टी नको. बहुतेक सिम अक्षांश-रेखांश आणि 'चाक जमिनीवर आहे का' ही नोंद फाइलमध्ये लिहू देतात, त्यातून पहिली आणि शेवटची ओळ घ्यावी. तेही जमत नसेल तर रनवेवरच्या खुणा आहेतच. २,४०० मीटर किंवा त्याहून लांब रनवेवर एमिंग पॉइंटचे (उतरताना नेम धरायच्या जागेचे) दोन जाड पांढरे पट्टे आयकाओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, नियमाने सुरुवातीपासून ४०० मीटरवर असतात. १,३३० फूट म्हणजे ४०५ मीटर. सीनरीत खुणा नियमाने रंगवलेल्या असतील, तर मेच्या दुपारी पूर्ण भरलेलं १७२एस त्या जाड पट्ट्यांपाशी सुटायला हवं आणि थंडीत एकट्या पायलटचं विमान त्यांच्या जवळपास निम्म्यावर. एवढी एक खूण डोक्यात राहिली तरी रोजचं काम भागतं.

इंजिनात जाणाऱ्या इंधन-हवेच्या मिश्रणाबद्दल थोडंसं. ३,००० फुटांपेक्षा उंच मैदानावरून निघताना पूर्ण थ्रॉटलला आरपीएम जास्तीत जास्त येईपर्यंत मिश्रण पातळ करा, असं पुस्तक सांगतं. नागपूर १,०३३ वर आहे, म्हणून अक्षरशः बघितलं तर हा नियम इथे लागू नाही, आणि चाचणी पूर्ण समृद्ध मिश्रणावर केली. महत्त्वाचं म्हणजे मिश्रण आपोआप जुळवणारं 'ऑटो मिक्स्चर' बंद असावं, नाहीतर इंजिनाच्या बाजूची चूक कधी दिसणारच नाही.

चढाई आणि फोनचं घड्याळ

धाव जुळली म्हणून सगळं जुळलं असं नाही. धाव जुळवण्यासाठी बनवणाऱ्याने चाकांचं घर्षण कमी-जास्त केलेलं असू शकतं, म्हणून चढाई वेगळी बघावी लागते. २,५५० पौंड, फ्लॅप बंद, पूर्ण थ्रॉटल, ७३ नॉट, आणि अल्टीमीटरवर १,८०० ते २,८०० फूट चढायला लागणारा वेळ. मध्यावर तापमान ४० च्या आसपास उतरलेलं असतं, पुस्तकाचा दर तिथे मिनिटाला सुमारे ५४० फूट. म्हणजे १,००० फुटांना १ मिनिट ५० सेकंद. मिळाले २ मिनिटं १७ सेकंद.

इथे दोष ना मॉडेलचा होता, ना उडवणाऱ्याचा. चाचणी दुपारी चालली होती, कूलर हॉलमध्ये, कॉम्प्युटर मागच्या खोलीत. प्रोसेसर तापून स्वतःचा वेग कमी करत होता आणि सेकंदाला जेमतेम १६ फ्रेम येत होत्या. काही सिम, एक्स-प्लेन त्यांतलंच, फ्रेम २० च्या खाली गेल्या की गणित बिघडू नये म्हणून सिममधला वेळच हळू करतात. हे सिमही त्याच जातीचं. २० च्या जागी १६, म्हणजे सिमचा एक सेकंद आपल्या सव्वा सेकंदाएवढा. १ मिनिट ५० चे सव्वापट केले की २ मिनिटं १७ होतात. वेळ फोनवर मोजला होता. पॅनेलवरच्या घड्याळात मोजल्यावर आकडा १ मिनिट ५२ आला. अंतराच्या चाचणीला याने धक्का लागत नाही, वेळाच्या प्रत्येक चाचणीला लागतो. ढगांची प्रत खाली आणून फ्रेम ३० च्या वर ठेवाव्या आणि मगच घड्याळ लावावं.

तोच कूलर पुढे खोलीत आणल्यावर दुसरं लफडं. जॉयस्टिक जुन्या पद्धतीचा, पोटेन्शिओमीटरचा, म्हणजे आतल्या पट्टीवर घासून जागा ओळखणारा. धूळ आणि दमट हवा त्या पट्टीवर बसली की हात न हलवता अक्ष थरथरतो. कॅलिब्रेशनच्या पानावर दांडा सोडून दिला तरी आकडा दोन-तीन टक्के नाचत होता. नाक फडफडण्याची अर्धी तक्रार इथली. दांड्याखालचं कव्हर उघडून काँटॅक्ट क्लीनर मारला, दांडा २०-२५ वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवला आणि पुन्हा कॅलिब्रेट केलं. नाच थांबला. चुंबकीय हॉल सेन्सरच्या जॉयस्टिकला हा त्रास नसतो.

उरलेली अर्धी तक्रार स्प्रिंगची. खऱ्या विमानात वेग कमी झाला की योक (पायलटच्या हातातलं नियंत्रण) हलका होतो, आणि फ्लेअरच्या वेळी, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलताना, हात बराच मागे येतो. टेबलावरच्या दांड्याची स्प्रिंग ६० नॉटला जेवढी घट्ट तेवढीच १२० लाही, आणि मनगटाची जेमतेम हालचाल एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची पट्टी) बरंच फिरवते. मुलाने यावर नल झोन, म्हणजे दांड्याचा मधला निष्क्रिय भाग, वाढवून ठेवला होता. हा उपाय नेमका उलटा: मधला भाग मेला की हात आणखी पुढे-मागे शोधत राहतो. नल झोन शून्यावर आणून पिचच्या (नाक वर-खाली होण्याच्या) अक्षाला ३० टक्के वक्र दिला, म्हणजे मध्याजवळ दांड्याचा परिणाम कमी केला. त्याचीही किंमत आहे, टोकाकडे वक्र उभा होतो, तेव्हा फुल फ्लॅपला दांडा पोटाशी आणताना सांभाळावं लागतं. ट्रिमचं गणितही इथे वेगळं. खऱ्या विमानात हाताला दाब लागेनासा होईपर्यंत ट्रिम करतात आणि योक त्याच जागी राहतो. इथे ट्रिम करता करता दांडा हळूहळू मध्यावर सोडत यावा लागतो. स्प्रिंगचा जॉयस्टिक असेपर्यंत यात कोणतंही फ्लाइट मॉडेल काही करू शकत नाही.

डावी ओढ आणि पंखाचं पडणं: मूळ एकच

१७२ चा पंखा कॉकपिटमधून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरतो. पूर्ण शक्ती, कमी वेग आणि वर केलेलं नाक असताना विमान डावीकडे वळतं: टॉर्क, पंख्याच्या खाली जाणाऱ्या उजव्या पात्याची जास्तीची ओढ, आणि शेपटीच्या डाव्या बाजूवर आदळणारा गोल फिरता झोत. इथे मात्र 'ऑटो रडर' चालू होता. तो गुपचूप उजवा रडर देत होता, म्हणून ओढ दिसेना.

त्याच मदतनीसाने स्टॉलही गोड करून ठेवला होता. बॉल (विमान बाजूला घसरतंय का ते दाखवणाऱ्या उपकरणातली गोळी) नेहमी मध्यावर असेल तर दोन्ही पंख एकाच वेळी स्टॉल होतात. सिममधल्या विमानाचे दोन्ही पंख हुबेहूब सारखे असतात, खऱ्यात इतके सारखे कधी नसतात. ऑटो रडर काढून, शक्ती थोडी ठेवून, बॉल अर्धा बाहेर असताना स्टॉल केला तेव्हा डावा पंख पडला. जोरात नाही, पण १७२ मुळातच सौम्य विमान आहे. सरळ स्टॉलमध्ये ते बहुतेक वेळा नुसतं बसत जातं.

स्टॉलची एक सोपी आणि निर्दय परीक्षा आहे. २,५५० पौंड, फ्लॅप बंद, शक्ती बंद: पुस्तकात ४८ नॉट निर्देशित, म्हणजे वेगाच्या पट्टीवर दिसणारे. हा आकडा जानेवारीत जेवढा, तेवढाच ४४ अंशांतही यायला हवा, कारण वेगाची पट्टी हवेचा दाब मोजते आणि पंखही त्याच दाबावर तगून असतो. तापमान बदलल्यावर निर्देशित स्टॉल वेग ४-५ नॉटने सरकला, तर मॉडेलमध्ये खरंच गडबड आहे. इथे तो सरकला नाही.

'ब्लेड एलिमेंट म्हणजे खरं' हा समज

ॲड-ऑन घ्यायचं कारण म्हणून मुलाने सांगितलं की आपलं सिम टेबलवाल्या जातीचं आहे, ब्लेड एलिमेंटवालं नाही. हा समज इतका पसरलाय की त्यावर लिहायलाच हवं. टेबलच्या पद्धतीत लिफ्ट, ड्रॅग, पिचिंग मोमेंट यांचे गुणांक कोनानुसार तक्त्यात भरलेले असतात. जुन्या फ्लाइट सिम्युलेटर एक्समध्ये हे आकडे .एअर फाइलमध्ये आणि कॉन्फिग फाइलमध्ये असायचे, फ्लाइटगिअरच्या जेएसबीसिममध्ये ते एक्सएमएल फाइलमध्ये असतात. उघडा आणि वाचा. ब्लेड एलिमेंटवालं एक्स-प्लेन पंख आणि पंख्याचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यावरचं बल दर फ्रेमला काढतं. मायक्रोसॉफ्टच्या २०२० नंतरच्या सिममध्ये विमानाच्या पृष्ठभागावरच्या अनेक बिंदूंवर बल काढलं जातं, वर कॉन्फिग फाइलमध्ये जुळवणीचे आकडे असतातच.

एअरलाइनचे पायलट ज्या सर्वांत वरच्या दर्जाच्या सिम्युलेटरवर परीक्षा देतात, ते निर्मात्याच्या उड्डाणचाचण्यांमधून भरलेल्या तक्त्यांवरच चालतात. टेबलमध्ये कमीपणा काही नाही. प्रश्न तक्ता कोणी आणि कशावरून भरला एवढाच. उड्डाण जिथवर मोजलं तिथवर टेबल अचूक, स्टॉलच्या पलीकडे आणि स्पिनमध्ये बहुतेक वेळा अंदाज. ब्लेड एलिमेंट अनोळखी कोनातही काहीतरी सुसंगत उत्तर देतं, पण पंखाचा आकार आणि एअरफॉइल (पंखाच्या छेदाचा आकार) चुकीचं भरलं तर तेवढ्याच आत्मविश्वासाने चुकतं.

काय उरलं

सगळं काढल्यावर दोन गोष्टी खऱ्या उरल्या. एक, पुस्तकाचे आकडे चांगल्या स्थितीतल्या विमानाच्या उड्डाणचाचण्यांवरून काढलेले. खरं, वापरलेलं विमान त्यांपेक्षा थोडं मागेच राहील, तेव्हा सिम पुस्तकापेक्षा ५ टक्के पुढे असलं तर ते खटकावं, ५ टक्के मागे असलं तर नाही. दोन, आडव्या वाऱ्यात जमिनीवरचं वागणं. वारा आडवा १५ नॉट ठेवला, जो पुस्तकात दाखवून दिलेला सर्वांत जास्त आडवा वारा आहे, तर २०-२५ नॉट वेगाला विमान वाऱ्याकडे असं वळतं की पूर्ण रडरलाही आवरत नाही. चाकांचं घर्षण आणि शेपटीवरचा वारा यांचा मेळ कमी वेगात बसवणं घरगुती सिमच्या जुन्या दुखण्यांपैकी आहे. पण त्यासाठी पुस्तकात तक्ता नाही, त्यामुळे किती चुकतंय ते आकड्यात सांगता येत नाही.

कार्टमधलं ॲड-ऑन काढलं गेलं आणि त्या पैशांत वापरलेले पेडल आले. कॉम्प्युटरशेजारी भिंतीवर एक कागद चिकटवलाय: १,३३० फूट, १ मिनिट ५० सेकंद, ४८ नॉट. आडव्या वाऱ्याचा रकाना कोरा आहे. सिमचं अपडेट आलं की सगळ्यात आधी गेजवरचं तापमान बघायचं, आणि मग हे तीन आकडे पुन्हा मोजायचे.